काकांची फुंकर

आमच्या प्रयोगशाळेत नळ्या बंद करणारे एक काका आहेत. तेहतीस वर्षं एकच काम. आम्ही फॉस्फरस आणि नायट्रोजनच्या साखळीचं रबर बनवतो. पांढरी पूड काचेच्या नळीत भरायची, आतली हवा उपसायची, काकांनी ज्योतीवर नळीचं तोंड वितळवून बंद करायचं, मग दोन दिवस भट्टीत. नळी आडवी केल्यावर आतला ऐवज जागचा हलला नाही, की रबर जमलं.

पूड भरण्याआधी काका नळीत एक फुंकर मारायचे. धूळ जावी म्हणून, बस्स.

मग नवे साहेब आले. त्यांना ओलाव्याचं भारी वावडं. काकांची फुंकर पाहून असे किंचाळले, की माझ्या हातातली बाटली पडली. "नळीत थुंकताय काय?" तेहतीस वर्षं काम केलेल्या माणसाला! माझं डोकंच फिरलं. पण मी बोलून चालून नळ्या धुणारी बाई, मला विचारतंय कोण?

काकांची रवानगी भांडारात झाली. त्यांच्या जागी हवाबंद पेटी आली, यंत्र आलं. काकू मला म्हणाल्या, "अगं, जेवताना चमचासुद्धा ज्योतीवर धरल्यासारखा फिरवत बसतात."

इकडे सहा आठवडे एकही नळी जमेना. पूड वितळायची आणि पाण्यासारखी इकडून तिकडे पळायची. साहेब म्हणायचे, "अजून कोरडं करा!" अजून कोरडं केलं, अजून पातळ पळालं.

शेवटी मी म्हटलं, "साहेब, एक नळी काकांना द्या की."

"देतो. पण बाहेर बोलू नका."

काकांनी फुंकर मारली, नळी बंद केली. तिसऱ्या दिवशी आडवी धरली, तर ऐवज ढिम्म हलेना! साहेबांना चेव आला. "आता चार वेळा फुंका!" ती नळी साफ बिघडली. किंचित ओलाव्यानं साखळी सुरू होते, जास्त झाला की अडते.

"मी पहिल्यापासून हेच सांगत होतो," साहेब बैठकीत म्हणाले, आणि काकांना परत आणलं. कुठल्या पदावर? पद कधीच रद्द झालं होतं. म्हणून उपकरणांच्या यादीत ओळ घातली: 'ओलाव्याचा स्रोत, नग एक. काळजीपूर्वक हाताळावा.'

मी यादी फाडायलाच निघाले होते. काकांनी माझा हात धरला. चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली.

"राहू दे गं," ते म्हणाले. "मला काळजीपूर्वक हाताळावं, असं या इमारतीत पहिल्यांदाच कुणी लिहिलंय."