खिडकीसमोरची टाकी
बामचा वास आला की मला तारनाक्याची ती खोली आठवते. परप्रांतातल्या त्या शहरात जागा उरली नव्हती, म्हणून सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र आम्ही चार मजली आखलं होतं. पाणी पंपानं एकदाच वर चढवायचं आणि मग मजल्यामजल्यानं शुद्ध होत आपल्या वजनानं खाली येऊ द्यायचं. त्यामुळे सगळ्यात घाण पाण्याची टाकी सगळ्यात वर, नेमकी शेजारच्या फ्लॅटच्या खिडकीसमोर आली. टाकी झाकलेली असणार होती, पण ऊन-वारा अडणारच होता. तिथं राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ ऑफिसात आले. "बायको अंथरुणाला खिळलीय साहेब, तिला ही एकच खिडकी. टाकी पलीकडं सरकवा की." मी सगळी आकडेमोड पुन्हा केली. पलीकडची जमीन भरावाची होती, भरलेल्या टाकीचं वजन ती पेलणार नव्हती. तसं सांगायला घरी गेलो तर ते म्हणाले, "मला नको, तिलाच सांगा." खोलीभर बामचा वास होता आणि काकूंच्या पायांवर खिडकीतलं ऊन पडलं होतं. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं. "बांधायला किती दिवस लागतील?" "तीन वर्षं, काकू." त्या हसल्या. "मग कायको घाबरायलाव? तवर मी कुठं राहायले." "चूप बैस," म्हणत काका पाठ फिरवून उभे राहिले. ते काम अजून अर्धंच आहे, वरची टाकी चढायची आहे. उशिराबद्दल मी बैठकीत बोलणी खातो, आणि अजून थोडं रखडलं तर बरं, असं मनात म्हणतो.