बर्डीची गाडीवाट

पाचोऱ्याहून दक्षिणेला निघालं की तासाभरात काळी जमीन संपते. आधी कपाशीचे सपाट पट्टे लागतात, मग माती तांबूस होत जाते, बांधांवर दगडांचे ढीग दिसू लागतात, आणि अजिंठ्याचा डोंगर आडवा येऊन उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठाने करंजदे हे गाव. शाळा, दूध डेअरी, पिठाची चक्की, जे काही आहे ते तिथे. गावामागे चढ लागतो आणि अर्ध्या डोंगरावर एक पसरट जागा आहे. तिथे सतरा घरं. तिला सगळे बर्डी म्हणतात. बर्डी म्हणजे काही न उगवणारा खडकाळ माळ. सतरा घरांनी तिथे दोन-तीन पिढ्या कपाशी, ज्वारी आणि लिंबं पिकवून दाखवली, तरी नाव काही बदललं नाही. सरकारी कागदावर ही वस्ती वेगळी नाहीच. मतदार यादीत ती करंजद्याचा वार्ड नंबर तीन.

वच्छलाबाई या बर्डीवर लग्न होऊन आली ती शिंदखेड्याकडच्या सपाट मुलखातून. अंगाने बारीक, आवाजाने दणकट. नवरा वना याच्या उलट. तो भांडण दिसलं की बैलाला पाणी दाखवायला निघून जायचा. दोघांना दोन मुलगे, ते सुरतेला कामाला लागले. सगळ्यात धाकटी दिपमाला. ती तालुक्याला जाऊन बी.ए. झाली आणि तिथेच एका झेरॉक्सच्या दुकानात काम करू लागली.

करंजद्याहून बर्डीवर यायला एकच गाडीवाट होती. ती बन्सीलाल पाटलाच्या वावराच्या कडेने चढायची. बन्सीलाल म्हणजे खालच्या गावातला मोठा माणूस. त्याचं एक वावर पायथ्याशी, दुसरं वर बर्डीच्याही पलीकडे. डेअरी त्याच्या ओसरीवर, चक्की त्याच्या भावाची. बर्डीच्या लोकांनी आपल्या वाटेने जावं हे त्याला वर्षानुवर्षं खुपत होतं. कोणी दिसलं की तो ओरडायचा, "बांध तुडवू नका रे!" पण वाट चालू होती.

दिपमालाला बघायला पाहुणे येणार ठरलं तो मार्च महिना होता. भडगावकडचे लोक, दोन गाड्या. वच्छलाबाईने सकाळपासून मांडे रांधले, अंगण सारवलं. दुपार झाली तरी गाड्या दिसेनात म्हणून ती कड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. खाली बघते तर गाड्या पायथ्याशी थांबलेल्या. वाटेवर आडवी चारी खणलेली, माणूसभर खोल, माती अजून ओली. चारीच्या पलीकडे पाहुणे, अलीकडे बन्सीलाल कमरेवर हात ठेवून.

ती धावत खाली गेली. तोपर्यंत बन्सीलालचं सांगून झालं होतं. मुलाच्या मामाने तेच तिच्यापुढे पुन्हा म्हटलं, "हे म्हणतात की वर गावच नाही."

"नहीच शे," बन्सीलाल म्हणाला. "बर्डी शे. तठे बकऱ्या चढतस, गाड्या नही."

"बन्सीभाऊ, चारी कोणी खंदी?"

"मी. मनं वावर, मनी चारी."

"या वाटवर मी नवरी व्हईसन उनू!"

"मना बापनी तोंडी दिन्हेल वाट शे. मी परत ली लिधी."

पाहुणे चालत वर आले, पण नुसते टेकले. मुलाच्या आजोबांचा पाय दगडावरून सरकला होता, ते सारखा गुडघा चोळत होते. मांडे तसेच राहिले. आठ दिवसांनी निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण जिथे गाडी जात नाही तिथे सोयरीक करायला घरचे तयार नाहीत.

दिपमालाने त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. तिला तो मुलगा आवडलाच नव्हता. पण वच्छलाबाईच्या डोक्यात 'बकऱ्या' हा शब्द रुतून बसला. वना म्हणाला, "जाऊ दे ना. नाल्यानी वाटे जासूत आपण." नाल्याची वाट म्हणजे गोटे आणि घोट्याएवढं पाणी, पावसाळ्यात तर तीही नाही.

"तुम्ही जा नाल्यातीन," ती म्हणाली. "मी गाडीवाटनी जासू."

दिपमालाने अर्ज लिहिला. शेतरस्त्याचा अडथळा तहसीलदार काढून देतात, हे तिला दुकानात येणाऱ्या अर्जांवरून माहीत होतं. अर्जाखाली सतराही घरांच्या सह्या-अंगठे झाले. वच्छलाबाई तो कापडी पिशवीत घालून तालुक्याला देऊन आली. परत येताना तिने मुद्दाम बन्सीलालच्या ओसरीसमोर थांबून पोचपावती हवेत फडकावली.

त्यानंतर खालच्या गावाने तोंड फिरवलं. डेअरीवर तिच्या दुधाला फॅट लागेना. चक्कीवर तिचा डबा सगळ्यांच्या मागे ठेवला जाई आणि संध्याकाळी तसाच परत मिळे. तिने जातं धुऊन काढलं आणि घरीच दळायला बसली. मग वरची घरंही गळू लागली. शेजारचा तोताराम एके दिवशी खाली मान घालून आला.

"वच्छलाबाई, मना अंगठा काढी टाक. मना पोऱ्या बन्सीभाऊना ट्रॅक्टरवर शे."

"अंगठा काय भिताडवरना शे, पुसी टाकाले?" ती कडाडली. "जा, कचेरीमा जाईसन सांग, मी माणूस नही, बकरी शे!"

तोताराम कचेरीत गेला. त्याच्यामागून आणखी नऊ जण गेले. तेव्हापासून वच्छलाबाई आपल्याच वस्तीत कोणाच्या ओट्यावर बसेनाशी झाली. पाणी भरताना बायका हांड्याकडे बघत, तीही हांड्याकडेच बघे. घरात वना रोज एकदा तरी म्हणे, "अर्ज मागे घे. माले बरं नही दिसत." का बरं दिसत नाही हे मात्र तो सांगत नसे. विचारलं की उठून गोठ्यात जाई. तिला वाटे, नवरा भित्रा आहे. तसं ती त्याला तोंडावर म्हणायचीही.

कचेरीत तारखा झाल्या. बन्सीलाल एका तारखेला आला, वाट नकाशावर नाहीच म्हणून लेखी देऊन गेला. त्यावर स्थळ पाहणी निघाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळ अधिकारी चारुलता मॅडम, तलाठी आणि मोजणीवाला असे तिघं गावचा जुना नकाशा घेऊन आले. सगळं करंजदे बघायला जमलं. वरच्या घरांतले लोकही उतरले, पण ते बन्सीलालच्या बाजूला उभे राहिले की वच्छलाबाईच्या, हे कळू नये अशा बेताने मध्येच थांबले.

चारुलता मॅडमनी नकाशा जीपच्या टपावर पसरला. "ही दुहेरी तुटक रेघ बघा," त्या म्हणाल्या. "ही गाडीवाट. म्हणजे बर्डीला सरकारी वाट आहे."

वच्छलाबाईने बन्सीलालकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. उलट तो मोजणीवाल्याला म्हणाला, "मोजा ना साहेब. कोठीन जास ती, तेबी सांगा."

मोजणी नाल्याकाठच्या हद्दीच्या दगडापासून सुरू झाली. मोजणीची साखळी बन्सीलालच्या बांधाकडे वळेल अशा अंदाजाने वच्छलाबाई पुढे जाऊन उभी राहिली होती. साखळी तिकडे वळलीच नाही. ती नाला धरून सरळ चढली, खडकाला वळसा घालून वनाच्या वावरात शिरली आणि लिंबाच्या बागेतून निघाली. मोजणीवाला खुणेचे खुंट ठोकत गेला. खुंटांच्या दोन रांगांमध्ये बावीस झाडं आली.

ती झाडं वच्छलाबाईची होती. नऊ वर्षांपूर्वी तिने रोपं आणली, दोन उन्हाळे डोक्यावर हांडा वाहून जगवली. वना नांगर धरायचा, पण बाग तिची.

"हे चुकस," ती म्हणाली. "परत मोजा."

मॅडमनी परत मोजायला लावलं. खुंट तिथेच आले.

बन्सीलाल आता मोठ्याने हसला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "इचार तुना नवराले! एक पावसायामा नाल्यानी वाट कापी. मना बापनी, चुडामण पाटीलनी, तेवढा सालपुरती बांधवरथीन वाट दिन्ही. आनि तुना सासरानी जुनी वाट नांगरीसन वावरमा घाली लिधी. पन्नास साल आमना बांध तुडवा, आनि चोर आम्ही?"

वच्छलाबाई वनाकडे वळली. तो झाडाच्या खोडाला धरून उभा होता.

"तुमले माहित व्हतं?"

वना नखाने खोडाची साल खरवडू लागला.

"बोला ना. बठ्ठा गाव देखी ऱ्हायना."

"बापनी नांगरी," तो पुटपुटला. "मी तवय ल्हान व्हतू. मी तुले सांगी ऱ्हायंतू, मागे घे, मागे घे..."

"हाई सांगं नही!"

कोणी हसलं नाही, पण कोणी गेलंही नाही. चारुलता मॅडम तिला थोडं बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही अर्जदार आहात. अर्ज मागे घेतला तर प्रकरण इथेच मिटेल. झाडं वाचतील. घाई नाही, विचार करून सांगा."

वच्छलाबाईने बागेकडे बघितलं. बहर धरला होता, हिरवी लिंबं बोराएवढी झाली होती. मग तिने मध्येच थांबलेल्या वरच्या लोकांकडे बघितलं. तोतारामने नजर चुकवली. मग बन्सीलालकडे. तो हात बांधून वाट बघत होता. अर्ज मागे घेतला की तो आयुष्यभर 'वर बकऱ्याच चढतस' हेच सांगत फिरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि अर्ज मागे घेतला की चारी तशीच राहणार होती.

"मागे नही घेवानं," ती म्हणाली. "वाट नकाशावर शे ना? मंग काढा."

"वच्छला!" वना ओरडला. तो ओरडलेला बर्डीने पहिल्यांदाच ऐकला. "बाग मरी जाई!"

"तुम्ही चूप ऱ्हा. पन्नास साल चूपच व्हतात."

निकाल पंधरा दिवसांत लागला. वाट मोकळी करायला खोदकामाचं यंत्र आलं त्या सकाळी वच्छलाबाई कुऱ्हाड घेऊन आधीच बागेत पोचली होती. यंत्राच्या दातांनी झाडं उपटलेली तिला बघायची नव्हती. पहिली चार तिने स्वतः तोडली. पाचव्याला हात थांबले. ती बांधावर जाऊन बसली आणि उरलेली अठरा यंत्राने काढली. वना घरातून बाहेर आला नाही. दिपमाला आईच्या शेजारी येऊन बसली. पाण्याचा तांब्या तिने पुढे केला, तो वच्छलाबाईने घेतला नाही.

तोडलेल्या फांद्यांवरची कच्ची लिंबं वरच्या बायका पदरात वेचू लागल्या. वच्छलाबाईने एक दगड उचलून त्यांच्या दिशेने फेकला. लागला कोणालाच नाही, पण बायका निघून गेल्या.

त्या पावसाळ्यात बर्डीवर पहिल्यांदा गॅसची गाडी चढली. दुधाचा टेम्पो दुसऱ्या गावाहून थेट वर यायला लागला, त्यामुळे खालच्या डेअरीची गरज उरली नाही. लोक येता-जाता वच्छलाबाईला "काय चाललंय" विचारू लागले. ती उत्तर देत नसे. तोतारामची बायको वाटीभर खीर घेऊन आली, ती तिने दारातूनच परत पाठवली. वनाशी तिचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतं उरलं. तेही "घ्या" एवढंच. तो गोठ्यात झोपायला लागला. दिपमाला महिन्यातून दोनदा घरी येई, दोघांचे निरोप एकमेकांना सांगे आणि कंटाळून परत जाई.

बन्सीलालने आपल्या बांधावरची चारी बुजवली, तिथे केळी लावली, ठिबक अंथरलं. ती वाट त्याने स्वतःसाठीही बंद करून टाकली. वरच्या वावरात जायला मग त्यालाही नवीन वाटच धरावी लागली. तो वच्छलाबाईच्या वावरातून जाताना ट्रॅक्टर मुद्दाम जोरात पळवायचा, चिखल उरलेल्या झाडांवर उडेल असा. ती निंदणी थांबवून उभी राहायची, तो दिसेनासा होईपर्यंत.

श्रावणात सलग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी बन्सीलाल खताच्या गोण्या घेऊन वर निघाला आणि खडकाच्या वळणावर ट्रॉली रुतली. मागचं चाक नाल्याच्या कडेला. त्याने दोनदा जोर केला, चाक आणखी खाली गेलं. मागे दुधाचा टेम्पो येऊन थांबला, त्याच्या मागे दोन मोटारसायकली. बन्सीलाल खाली उतरला. पावसात डोक्यावर गोणपाट घेऊन वच्छलाबाई बांधावर उभी होती. वना दहा हातांवर बैल सोडत होता.

बन्सीलालने तिच्याकडे बघितलं, मग वनाकडे. मागायला तोंड उघडेना.

वच्छलाबाई वनाशी बोलली. दोन महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली.

"बैल लावा त्याना ट्रॉलीले. वाट अडकेल शे, लोकं खोळंबनात."

वनाने बैल जुंपले. टेम्पोवाला आणि मोटारसायकलवाले मागून ढकलू लागले. वच्छलाबाईने बांधावरचे दगड आणून चाकाखाली टाकले, एकेक, बन्सीलालच्या पायाजवळ, त्याला दोन पावलं मागे सरकावं लागेल असे. ट्रॉली निघाली.

बन्सीलाल चिखलाने भरलेले हात धोतराला पुसत म्हणाला, "तुना बैल ना राहता ते..."

"जा," ती म्हणाली. "मांगे गाड्या उभ्या शेत."

तो गेला. त्या दोघांत त्यानंतर आजवर शब्द झालेला नाही. तो ट्रॅक्टर मात्र तिथे हळू नेतो, आणि ती त्याच्याकडे बघायचं थांबलेली नाही. वना पोळ्याच्या आधी गोठ्यातून घरात झोपायला आला. तिने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. वाटेच्या कडेला त्याने लिंबाची सहा रोपं लावली आहेत. तिने त्यांना अजून एकदाही पाणी घातलेलं नाही.