दुर्बिणीला कुंकू

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितोय.

धुळ्यातल्या माझ्या जुन्या कॉलेजच्या वेधशाळेत इंग्रजांच्या काळातली पितळी दुर्बीण आहे. तिच्यातून शनीची कडी टिपायला आज संध्याकाळी चोपड्याहून कॅमेरा घेऊन गेलो. परवानगीसाठी दोन महिने खेटे घातले होते.

पण आधी संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे भाऊंच्या हस्ते दुर्बीणपूजन! भाऊंनी हार घातला, नारळ फोडला आणि जिथं डोळा लावतात नेमकं त्याच काचेवर ओल्या कुंकवाचं बोट ओढलं. मग तिथंच मोबाइल टेकवून फोटो काढला आणि ओरडले, "बघा, मंगळ! लालभडक!"

भौतिकशास्त्राचे सर शेजारीच होते. टाळ्या वाजवत होते.

तीस वर्षं ती काच पुसणारे शिपाई नाना तेवढे बोलले, "भाऊ, मंगय नही शे तो. तुमनंच कुकू शे."

नानांना बाहेर काढलं. मी काच पुसेपर्यंत आभाळ भरून आलं.

भाऊंचा मंगळ आता फेसबुकवर फिरतोय. पहिली कमेंट सरांची: "अप्रतिम निरीक्षण, भाऊ!"

नाना सातवी शिकलेत, सर पीएचडी आहेत. तुमचं पोर कुणाच्या वर्गात बसवाल?