मामीने उसवलेली गाडी

आमची मुरबाडची मामी कुठलीही वस्तू आधी उसवून बघायची. शिवणकाम हा तिचा धंदा, पण हा नाद काही कपड्यांपुरता नव्हता. माझ्या लग्नातला भारी ब्लाउज मी कल्याणच्या मोठ्या दुकानात शिवून घेतला होता. तो कौतुकाने तिला दाखवायला नेला, तर मी आत चहा टाकून येईपर्यंत बाईंनी एक बाही उसवून ठेवलेली! मी रडायच्या बेतात. "रडतेस काय गो? अस्तर कसं लावलंय ते बघत होते. चुकवलंय मेल्यानं," म्हणाली, आणि अर्ध्या तासात ती बाही पहिल्यापेक्षा झकास बसवून दिली. दुसरी बाही मग मीच निमूटपणे तिच्यापुढे केली.

मामा गेला तेव्हा मामी बावन्न वर्षांची होती. दारात मामाची जुनी पांढरी गाडी उभी होती. सगळे म्हणाले, विकून टाका. मामीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि ड्रायव्हिंग शिकायला नाव घातलं. सहा महिन्यांत तिचा गुरुवार धसईचा झाला आणि शनिवार टोकावड्याकडच्या गावांचा. मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे, गळ्यात टेप, मनगटाला टाचण्यांची गादी. जिथे दिवसातून दोनदा एसटी येते तिथल्या बायकांच्या अंगणात बसून ती मापं घ्यायची आणि आठवड्याने शिवलेले कपडे घरपोच द्यायची. "गाडीत बसले की मी कोनाची वाट बघत नाय," असं म्हणताना ती अशी काही खुलायची की बघत राहावं.

तर या गाडीतून एकदा आवाज यायला लागला. वेग वाढला की घूंऽऽ असा चढत जायचा, शिलाई मशीनच्या मोटरीसारखा. मामीने दोन दिवस काचा बंद करून तो ऐकला आणि निदान करून मोकळी झाली. "उजवीकडं वळले की वाढतो. म्हंजे भार डाव्या चाकावर येतो तवा. डावीकडचं बेअरिंग गेलंय." पण तोच आवाज शनिवारी सुनीलदादाने ऐकला आणि घरात भडका उडाला. दादा म्हणजे मामीचा मुलगा, वाशिंदला कारखान्यात कामाला. आईवर त्याचा फार जीव, आणि तो व्यक्त करायची त्याला एकच रीत ठाऊक होती, ओरडणे.

"घाटात चाक निखळलं म्हंजे? ते काय नाय, सोमवारी गिऱ्हाईक आनतो. गाडी विकायची!"

"उद्याचा रविवार माझा," मामी म्हणाली. "संध्याकाळी तू माझ्या गाडीत बस. जरा जरी आवाज आला तर सोमवारी वीक, मी सही करते. नाय आला, तर विकायचं नाव पुन्यांदा काढायचं नाय."

दादा हो म्हणाला, कारण मुरबाडातल्या गॅरेजवाल्याने आठ दिवस हात लागणार नाही म्हणून सांगितल्याचं त्याला माहीत होतं. त्याला हे माहीत नव्हतं की तोपर्यंत मामीने मला फोन लावला होता. मी शहापूरला राहते आणि मोबाइलवर गाड्या खोलण्याचे व्हिडिओ बघण्याचं मला व्यसन आहे. "वैशू, सकाळी ये. येताना पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं आन."

"दोन्ही कशाला? आवाज तर डावीकडूनच येतोय."

"एका बाहीला नवं कापड आनि दुसरीनं काय घोडं मारलंय?"

आठ वाजता मी पोचले तेव्हा अंगणात जुनी चादर अंथरलेली होती. मामीने माझ्या हातातली बेअरिंगं घेतली, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळली आणि सरळ फ्रीजरमध्ये ठेवली. गार पडून ती केसभर आकसली की बसायला सोपी जातात, हे व्हिडिओत मी तिला दाखवलं होतं. मग सुरुवात झाली. चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा असतो. तो हलेना. पान्याच्या दांड्यात पाइप घातला, मी लोंबकळले, तरी ढिम्म. मामीने साडी खोचली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाइपवर उभी राहून चक्क उडी मारली. कड्ड! मला वाटलं काहीतरी मोडलं. नट सुटला होता! आम्ही दोघी अंगणात पोरींसारख्या ओरडलो, आणि ओटीवर पेपर वाचत बसलेल्या दादाने पेपर आणखी वर धरला.

गाडी जॅकवर चढवली. जॅकवर मामीचा भरवसा नव्हता, म्हणून खाली सागाचे ठोकळेही सारले. पुढचं काम तिने अगदी शिवणाच्या शिस्तीत केलं. ब्रेकचा जडशीळ भाग काढला तो नळीवर लोंबू नये म्हणून परकराच्या नाडीने वर बांधला. बोल्ट काढण्याआधी प्रत्येकाभोवती शिवणाच्या खडूने रेघ मारली, म्हणजे परत तिथल्या तिथेच बसेल. निघेल तो तुकडा चादरीवर ओळीने, नंबर घालून. "उसवताना जो घाई करतो त्याला मी मशीनवर बसू देत नाय," असं मला दोनदा ऐकवलं. जुनं बेअरिंग ओढून काढायला आम्ही आटे पाडलेला लांब गज आणि दोन जाड नट वापरले; नट आवळू तसं बेअरिंग सरकायचं. ते बाहेर आलं आणि मामीने बोटांवर फिरवलं, तर आतून कर्र कर्र वाजत होतं. तिने ते दादासमोर नेऊन वाजवलं. दादाने पेपरचं पान उलटलं.

जेवायच्या वेळी गार पाण्यासाठी त्याने फ्रीज उघडला. "आई, हे काय?"

"बेअरिंगं हायेत. दार लाव, गरम होतील."

दुपारी नवं बेअरिंग बसवायची वेळ आली. मी इतकी हुरळले होते की ते गजात ओवून नट आवळायच्या तयारीत होते. मामी जवळ वाकली आणि तिच्या मनगटावरच्या गादीतून एक टाचणी गळली. ती खाली पडलीच नाही. बेअरिंगच्या एका तोंडाला चिकटली.

"थांब! ह्याला सुलट-उलट हाय गो, कापडासारखं!"

तिने दुसऱ्या बाजूला टाचणी लावून पाहिली. चिकटेना. एका बाजूला चुंबकाची पट्टी होती आणि ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे, म्हणजे आत हवी. मी ती बाहेर केली होती! एकदा ठासून बसवलेलं बेअरिंग परत काढलं की ते कामातून जातं, आणि रविवारी संध्याकाळच्या आत दुसरं कुठून आणणार? म्हणजे त्या दिवशी गाडी माझ्याच हातून विकली गेली असती. मामी मात्र टाचणी पुन्हा गादीत खोचून म्हणाली, "चल, फिरव. आता आवळ."

मामीला जाऊन दीड वर्ष झालं. तिने मला शिवण शिकवायचा खूप प्रयत्न केला, मला साधं काजही जमलं नाही. पण आजही कुठलंही काम हातात घेतलं की मी आधी थांबते आणि त्याची सुलट बाजू कुठली ते बघते. ही सवय तिची आहे आणि म्हणूनच मला ती फार प्रिय आहे.

पाच वाजता दोन्ही चाकं बसली. दादा मागच्या सीटवर बसला, कापडाचे गठ्ठे बाजूला सारून, दाराला कान लावून. मी पुढे. काचा बंद. मामीने गाडी टोकावड्याच्या रस्त्याला घातली. चाळीस. पन्नास. उजवं वळण आलं. साठ. काही नाही! टायर रस्त्यावर घासल्याची तेवढी सरसर. मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या, पण मागून निकाल आल्याशिवाय मामी हसायला तयार नव्हती. "काय रे सुनील, येतो का आवाज?"

उत्तर नाही. तिने पुन्हा विचारलं. मग मीच वळून पाहिलं. आठवडाभर रात्रपाळी करून आलेला दादा गठ्ठ्यावर डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता.

मामीने आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. टोकावडं आलं, तिथून आमचं परत फिरायचं ठरलं होतं. तिने गाडी वळवली नाही.

"हळू बोल," ती म्हणाली. "घाटापर्यंत जाऊन येऊ."