शोकेसमधली बाई

गल्लीत तिला सगळे काजबटणवाली म्हणत. शर्टाची काजं ती हातानेच करी, आणि शर्ट विरला तरी काज उसवत नाही, असं शिंपी म्हणत. नवऱ्याचं घर सोडून ती मुलीला घेऊन या शहरात आली, त्याला बराच काळ लोटला होता. कपाळावर त्या घराची खूण होती, डोळ्यांवर जाड चष्मा. पत्ता मागे कोणालाच दिलेला नव्हता.

कारखान्यातल्या कामासाठी फोटो लागत होता. फोटोवाल्याने तिला चष्मा उतरवायला लावला. काचेत दिवा चमकतो म्हणाला. मग नेहमीच्या सवयीने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून कपाळावरचा व्रण आणि डोळ्यांखालच्या रेषा घालवल्या. काम इतकं झकास उतरलं, की त्याने फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावला. तिला विचारावं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. या धंद्यात कोणी विचारत नसे.

रस्त्याने जाताना तिची नजर शोकेसवर गेली आणि ती काचेजवळ गेली. काचेमागे लग्नाच्या वेळची ती होती, सासरच्यांना पाहताक्षणी ओळखू येईल अशी.

फोटोवाल्याला तिची तक्रारच कळेना. लोक इथे फोटो लागावा म्हणून मागे लागतात, तुम्ही कसल्या रागावता, असं म्हणाला. शिवाय निगेटिव्ह त्याची होती.

ती वकिलाकडे गेली. त्याने कायद्याची पुस्तकं चाळली. चोरी झालेली नव्हती. बदनामी म्हणावी, तर फोटो सुंदर होता.

“पण बाई, तुमचं नेमकं गेलं काय?”

“माझा ठावठिकाणा गेला.”

वकिलाने हेच वाक्य दाव्यात घातलं. न्यायाधीशांनी ते पुन्हा वाचलं, हा हक्क कुठल्या कायद्यात आहे ते विचारलं, आणि उत्तर नसल्याने दावा फेटाळला. असा कायदा हवा होता, एवढं निकालात लिहिलं. पुष्कळ वर्षांनी तो झाला, तेव्हा सभागृहात तिचं वाक्य वाचून दाखवलं गेलं. ऐकायला ती या शहरात नव्हती.

कारण निकालानंतर लगेचच फोटोवाल्याने तिला रस्त्यात गाठलं. फोटो त्याने आपणहून उतरवला होता.

“एक गृहस्थ विचारत होते, ही बाई कोण म्हणून. मी नाव नाही सांगितलं हं, ताई. एवढंच म्हणालो, आपल्याच गल्लीत असते, काजं करते.”

तो शाबासकीची वाट पाहत उभा राहिला. मुलीची शाळा सुटायला अजून अवकाश होता, तरी ती शाळेकडे निघाली. आधी भरभर, मग धावत.