हत्तीच्या आंघोळीचा नळ

"काका, तळहात वर करा."

"झाला तेवढा झाला. उद्यापासून येत नाही मी," महाडिककाका म्हणाले.

मी कंपू भागातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. काका पूर्वी जयेंद्रगंजात रेडिओ दुरुस्त करायचे. स्ट्रोकनंतर त्यांचा उजवा हात हलायला लागला होता, पण पालथा पंजा उताणा होत नव्हता. आम्ही याला सुपिनेशन म्हणतो. प्रसाद घ्यायला हात पुढे करतो ना, तेच. पहिले महिने मोलाचे असतात. आत्ता सोडलं, तर हात बहुतेक तसाच राहणार.

दुसऱ्या दिवशी त्यांची सून वैशाली त्यांना कसंबसं घेऊन आली. हातात एक खोकं.

"ताई, माळ्यावर मिला. आमच्या ह्यांच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम. देखो तो, बटणं नाहीत, गोल नॉब आहे."

गेम अजबच होता. टबात हत्ती बसलेला. नॉब डावीकडे फिरवला की गरम पाणी, उजवीकडे थंड. पाणी फार गरम किंवा फार थंड झालं की हत्ती रागावून उठून जातो. बस, एवढंच! मला मात्र उड्या माराव्याशा वाटल्या. उजव्या हाताने नॉब उजवीकडे फिरवायचा, म्हणजे नेमकं सुपिनेशन!

"मॅडम, हे क्लिनिक आहे की मेळा?" क्लिनिक चालवणाऱ्या सरांनी विचारलं.

"सर, वीस मिनिटं द्या."

वेटिंग रूमच्या टीव्हीला अँटेनाच्या जागी गेमची वायर जोडली. चित्र आलं, पण नॉबला हात लावला की सगळं थरथरायचं. मी रडकुंडीला आले.

"आत कचरा बसलाय," काका पहिल्यांदाच आपणहून बोलले. "थेंबभर स्पिरिट सोड आणि दोन्हीकडे फिरव. अगं, हळू!"

चित्र स्थिर झालं. काकांनी लगेच डाव्या हाताने नॉब धरला.

"डावा मांडीखाली!" मी ओरडले आणि त्यांची उजवी बोटं नॉबवर बसवली.

हत्ती सहा वेळा उठून गेला. सातव्यांदा टबातून वाफा निघाल्या. बाकीचे पेशंटही जमले होते.

"अबे रुक, जल जाएगा!" काका ओरडले, आणि पंजा वळला. थोडासाच. पण माझा हात त्यांच्या हाताला लागलेला नव्हता! वैशालीने माझा दंड गच्च धरला.

"पुन्हा करा बघू," दारातून सर म्हणाले.

काकांनी पुन्हा केलं. मी कोन मोजला. दहा अंश. आदल्या दिवशी शून्य होता.

दोन महिन्यांत पंजा जवळजवळ पूर्ण उताणा झाला. मी एक शिकले: पेशंटला व्यायाम सांगू नये, काम सांगावं. आणि ते थांबवायची वेळही लिहून द्यावी. काका आता खुर्चीवरून उठत नाहीत, आणि बाहेर ताटकळणाऱ्या पेशंटला मी काय सांगणार? हत्तीची आंघोळ चालू आहे म्हणून?