मोहाखालचा जाळ

ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कितीतरी तपशील आता पुसट झालेत. हे प्रकरण मात्र एका जळालेल्या कापडी मांडवाचं, आणि तेच छळतं.

कुरखेड्याकडच्या जंगलपट्ट्यात मी तेव्हा ठाणेदार होतो. मी मूळचा घाटावरचा, मोहाचं झाड ओळखायलाच मला दीड वर्ष लागलं होतं. निवडणूक नेमकी मोहफुलांच्या दिवसांत आली. आचारसंहिता, सभांचे परवाने, निवडणूक निरीक्षकांचे फोन, यात ठाण्यातला चहा रोज गार होई.

सकाळी सातला फोन आला. जंगलालगतच्या एका गावाबाहेर एका उमेदवाराचं प्रचार कार्यालय पहाटे जळालं होतं. कार्यालय म्हणजे बांबूंवर ताणलेलं कापड, खुर्च्या आणि झेंडे. कोणाला इजा नव्हती. मी पोचलो तेव्हा प्रचारप्रमुख मोबाइलसमोर उभा राहून ओरडत होता, "विरोधकांनी आमचे कार्यकर्ते जिवंत जाळायचा कट केला!" मांडवात कोणी झोपतच नव्हतं, पण ऐकतो कोण? राखेतून उचललेली पेट्रोलची बाटली त्याने माझ्यापुढे धरली आणि एक नाव सांगितलं. तालुक्याच्या गावातला एक मुसलमान वेल्डर, विरोधी उमेदवाराचा बूथवरचा माणूस. आदल्या दिवशी त्याची आणि प्रचारप्रमुखाची बाचाबाची झाली होती, हे खरं होतं. पंचनाम्याआधी बाटली उचलली कशी, हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. वरून फोन सुरू झाले होते आणि मला आरोपी हवा होता.

वेल्डरला दुकानातून उचलून आणलं. तो एकच गोष्ट सांगत राहिला.

"साहेब, कसम से, मी तं पहाटे मशिदीत फजरच्या नमाजले होतो. इमाम साहेबले विचारा ना एकदा."

मी दुपारपर्यंत कोणालाही विचारलं नाही. त्याची बायको डबा घेऊन ठाण्याच्या आवारात उभी होती. तिकडे प्रचाराच्या गाडीवरून तिच्या नवऱ्याचं नाव गावभर पुकारलं जात होतं, आणि बारा वाजता कोणीतरी त्याच्या दुकानाच्या शटरवर दगड मारले.

माझा हवालदार इथलाच. जप्त केलेली बाटली तो बराच वेळ फिरवून पाहत होता.

"साहेब, सारा मांडव जळला, अन् हे प्लास्टिकची बाटली वितळली नाई? लेबल बी तसंच हाय."

मी मान खाली घातली. आम्ही पुन्हा जागेवर गेलो. मांडवामागे मोहाची चार झाडं होती. एकेका झाडाखाली काळं, गोल रिंगण होतं, आणि एका रिंगणातून जळल्या पाल्याचा पट्टा सरळ मांडवापर्यंत आला होता. गावात विचारलं, तर कोणी म्हणे घरी होतो, कोणी म्हणे वावरात. लोक का बोलत नाहीत ते हवालदाराने सांगितलं. मोहाखाली पाला जाळणं हा वनगुन्हा, आणि जाळत नाही असं घर गावात नव्हतं.

चारच्या सुमारास त्याच गावातली साठीची एक बाई पायी चालत ठाण्यात आली. बाकावर न बसता पायरीवरच टेकली.

"साहेब, त्या भाऊले सोडा. जाळ म्या लावला."

"कसला जाळ, बाई?"

"मोहाखालचा. दरसाल लावतो. पाला जळला का जमीन साफ होते, फूल पडलं का दिसते. आज वारा फिरला. डहाळीनं लय झोडपलं, पण नाई इझला."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"सांगतलं ना! त्या मांडववाल्या भाऊलेच पयले सांगतलं, हात जोडले. तो म्हणे, बाई, घरी जाय, कोणाजवळ बोलू नको, मी पाहून घेतो. मले वाटलं, चांगला मानूस हाय."

प्रचारप्रमुखाला बोलावून तिच्यासमोर बसवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे.

"साहेब, इलेक्शनमदी एवढं चालतेच. व्हिडिओ तं सगळीकडे गेला, आता वापस कसा घेऊ?"

बाटली त्याच्याच गाडीतली निघाली. वेल्डरला संध्याकाळी सोडलं. "गैरसमज झाला," एवढंच मी म्हणालो. तो चपला घालून गेला. निदान माफी तरी मागायची होती, तीही मला जमली नाही.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे तो खरं बोलणारीच्या कपाळी बसला. खोट्या फिर्यादीचा अहवाल मी पाठवला, तो तारखांवर तारखा घेत पडून राहिला. गाडीवरचा भोंगा प्रचार संपेपर्यंत तेच सांगत होता. वर प्रचारप्रमुखाने धमकी दिली, खऱ्या आग लावणारीला ठाणेदार पाठीशी घालतो अशी तक्रार निरीक्षकांकडे करीन म्हणून. मी घाबरलो. स्वतःचा कागद स्वच्छ राहावा म्हणून बाईच्या जबाबाची प्रत वनविभागाला पाठवून दिली. आग वाऱ्याने पसरली, एवढंच लिहून भागलं असतं. तिच्यावर वनगुन्हा दाखल झाला आणि ती तारखांना खेटे घालू लागली. एकदा कोर्टाच्या आवारात भेटली.

"साहेब, म्या खरं सांगतलं म्हणून तो सुटला ना? मंग मले काऊन?"

मी कायदा समजावला. तिने ऐकून घेतलं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. आरोपी धरायची घाई करू नये, हे शिकलो. पण मी त्या बाईला काय शिकवलं, हे मला पुढच्या वर्षी कळलं. त्याच गावात एका सुनेला घरच्यांनी बेदम मारलं होतं. पोरगी बोलायच्या स्थितीत नव्हती, साक्षीदार लागत होता. शेजारचं घर त्या बाईचंच होतं, मध्ये फक्त कुडाची भिंत. मला हायसं वाटलं. मी स्वतः तिच्या दारात गेलो.

तिने मला ओळखलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "मी तं वावरात होती, साहेब. मले काई माहीत नाई."